रानजाईची ढोली

त्या रानात ढोल्या थोड्या होत्या, आणि धनेशांच्या माद्या अंडी घालण्याआधी स्वतःला ढोलीत चिणून घेत. ओल्या मातीने तोंड लिंपायचे, उंबर जाईल एवढी फट ठेवायची, आणि मग आत बसून पंखांची आणि शेपटीची पिसे गाळून टाकायची. पिल्ले मोठी होईपर्यंत बाहेरून जो घास मिळेल त्यावर जगायचे. सहसा तो घास जोडीदार आणी. जोडीदाराला मोरघारीने उचलले, की आतली मादी काही दिवस हाका मारी आणि मग मारीनाशी होई. रानाला याची सवय होती.

सवय झाली नव्हती ती कातळू नावाच्या एका म्हाताऱ्या धनेशाला. तो स्वतः अशाच एका ढोलीत, कुणा परक्याने आणलेल्या उंबरांवर वाढला होता. त्याने चार धनेश गोळा केले आणि त्यांना चोचभर मंडळ म्हणू लागला. मंडळाला नियम एकच होता: उंबर आणायचे, फटीतून आत द्यायचे, पुढच्या ढोलीकडे जायचे.

मंडळात सगळ्यांत तरुण होती शेवरी. त्या वर्षी जवळची उंबरे पिकलीच नाहीत. दोन दऱ्या ओलांडून जावे लागे, आणि बिनजोडीदाराच्या ढोल्या होत्या दहा. दहाव्या ढोलीकडे पोचायला मंडळाला एक दिवस उशीर झाला. फटीतून उंबर आत सरकवणारी शेवरीच होती. ते आत पडल्याचा आवाज तिने ऐकला. उचलल्याचा आवाज आला नाही.

"आपण पाच जण उडून उडून मेलो तरी पुरणार नाही, बाबा," ती कातळूला म्हणाली. "रानात हजारो चोची आहेत. त्यांना इथं काय चाललंय ते कळायला नको का?"

"कळतं की, पोरी. ओरडणं सगळ्यांना ऐकू जातं."

"ऐकू जाणं वेगळं, हाक मारणं वेगळं. आपण बोलक्या कड्यावर जाऊ. तिथून हाक मारायला काही मोल पडत नाही."

"काही मोल पडत नाही? तिथं गिधाडं राहतात ना?"

"राहतात. पण ती कुणाकडे काही मागत नाहीत."

"त्याचंच तर नवल वाटतं मला," कातळू म्हणाला आणि उडाला. त्याला अजून दोन ढोल्यांत उंबरे द्यायची होती.

बोलका कडा रानाच्या मधोमध उभा होता. तिथे मारलेली हाक कड्याला आवडली तर तो ती पुढच्या दरीत टाकी, तिथून त्याच्यापुढच्या. नाही आवडली तर ती कड्याच्या पायथ्याशी पडून मरे. कड्याला काय आवडते हे कुणालाच ठाऊक नव्हते, आणि आपल्याला ठाऊक आहे असे रानातला प्रत्येक जण सांगत असे.

शेवरीने कड्यावर बसून नऊही ढोल्या सांगितल्या. कुठल्या झाडावर, आत किती पिल्ले, उंबराचे झाड किती लांब. कड्यातून काहीही परत आले नाही. वरून मात्र कुणीतरी हसले. तिथे भृंगराज बसला होता. शेपटीची दोन लांब पिसे वाऱ्यावर सोडून तो दिवसभर तिथेच असे. त्याला रानातल्या प्रत्येक पाखराचा आवाज काढता येई. त्याचा स्वतःचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता.

"नऊ ढोल्या!" तो थेट शेवरीच्याच आवाजात म्हणाला. "बाई, नऊ ढोल्यांसाठी कुणी रडत नाही. एकीसाठी रडतात. एक ढोली, एक आई, एक नाव. आणि हो, ढोली इथून दिसली पाहिजे."

"आणि उरलेल्या आठ?"

"त्या तुझ्या ध्यानात राहतील की. तू चांगली आहेस."

कड्यावरून दिसणारी ढोली एकच होती, समोरच्या जुन्या बेहड्यावरची. तिच्यात रानजाई होती, दोन पिल्लांसह. शेवरी फटीपाशी गेली.

"रानजाईताई, तुझं नाव कड्यावर घेऊ का?"

फटीतून चोचीचे टोक तेवढे दिसले. "घेऊन काय होईल?"

"पाखरं येतील. खूप येतील."

"आणि उंबरं आणतील?"

"आणतील ना!"

"मग नाव काय, माझी शेपटीसुद्धा घेऊन जा. नाहीतरी गळून पडलीय इथं."

पाखरे खरोखरच आली. पहिला आला तांबट, स्वतःच्या डोक्याएवढे उंबर चोचीत धरून, धापा टाकत. मग बुलबुल आले, साळुंक्या आल्या, ज्यांचे आपापसांत कधी कशावरून जमले नव्हते ते सातभाईही आले. चार दिवसांत रानजाईने फटीतून फेकलेल्या सालींचा झाडाखाली सडा पडला. तिचे पोट भरून उरलेली उंबरे बाकीच्या आठ ढोल्यांत जाऊ लागली. एका फांदीसाठी वर्षभर भांडलेले बुलबुल आणि साळुंकी शेजारी शेजारी बसून एकमेकांच्या पिल्लांची चौकशी करीत होते. शेवरी ते बघत राही आणि तिचा ऊर भरून येई. "बरं केलंस, पोरी," असे कातळूही म्हणाला, आणि त्या दिवशी दुपारी तो बऱ्याच काळाने पंखात चोच खुपसून झोपला.

पण कड्याला कालची हाक चालत नसे. उंबर आले, रानजाईने खाल्ले, ही हाक पहिल्या दिवशी तीन दऱ्या गेली, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी पायथ्याशी पडली.

"खाल्लं, पोट भरलं, यात ऐकण्यासारखं काय आहे?" भृंगराज म्हणाला. "आणि लांबच्या दऱ्यांतली पाखरं कुरकुरतायत. त्यांच्याकडे उंबर नाही. असलं तरी एवढं वजन आणायचं कुणी? त्यांना काहीतरी हलकं दे."

यावर उपाय शेवरीलाच सुचला. ज्याला उंबर आणता येत नाही त्याने आपले एक पीस आणावे आणि डिंकाने बेहड्याला चिकटवावे. पीस म्हणजे, मी तुझ्यासोबत आहे.

भृंगराजाने डोळे मिटले. "वा," तो म्हणाला. "हे मला सुचायला हवं होतं."

मग पिसे येऊ लागली. पोपटांची हिरवी, खंड्याची निळी, हळद्याची पिवळी. पिसाला वजन नसते आणि रंग कड्यावरून दिसतो. थोड्याच दिवसांत ज्यांच्या दारात उंबर होते तेही पीसच आणू लागले. पीस चिकटवून झाल्यावर त्यांना अगदी उंबर दिल्यासारखे हलके वाटे. प्रत्येकाला जागा हवी असे ती फटीजवळ, कारण सगळ्यांचे डोळे तिथेच लागलेले. मंडळातला एक धनेश डिंक आणण्यात गुंतला, दुसरा आलेल्यांना जागा दाखवण्यात, तिसरा जागेवरून होणारी भांडणे मिटवण्यात. शेवरी कड्यावरून हलेना. उंबरे आणायला कातळू एकटा उरला. आठ ढोल्यांपैकी तीन एकाच आठवड्यात गप्प झाल्या. त्या कड्यावरून दिसत नव्हत्या.

"ओढ्याकाठची पण गेली," कातळू तिला सांगायला आला.

"बाबा, अजून थोडे दिवस. बघा तरी किती जमलेत! यांना एकदा सवय लागली की..."

"सवय तर लागलीच आहे त्यांना," कातळू म्हणाला. आणखी काही बोलायला त्याच्याकडे वेळ नव्हता. चोचीत रानजाईसाठी आणलेले उंबर धरून तो बेहड्यावर उतरला.

"ओ आजोबा, रांग आहे इथं!" एक पोपट खेकसला.

"उंबर आणलंय तिला."

"उंबर? आता कोण आणतं उंबर? एखादं पीस आणा की, तुमचं काळं तर काळं."

"पिसं उरलीयत कुठं त्यांना!" कुणीतरी म्हणाले आणि फांदीभर हशा पिकला.

"जरा बाजूला व्हा हो. तुमच्या पाठीमागं सगळं झाकलं जातंय, कड्यावरून काही दिसत नाही."

कातळू उन्हे कलेपर्यंत फांदीच्या टोकाला उभा राहिला. मग ते उंबर त्याने पलीकडच्या टेकडीवरच्या ढोलीत नेऊन दिले.

दुसऱ्या दिवशीही तसेच झाले, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी रानजाई रडली. भृंगराजाने ते रडणे इतके हुबेहूब कड्यावर म्हटले, की शेवरीच्या अंगावर काटा आला. इतकी लांब गेलेली हाक रानात कुणाला आठवत नव्हती. ज्या दऱ्यांची नावेही ठाऊक नव्हती तिथली पाखरे निघाली. सकाळी बेहड्यावर पानांपेक्षा पिसे जास्त होती. गिधाडे कपारींतून बाहेर येऊन ऊन खात बसली होती.

"ऐकलंस?" भृंगराज म्हणाला. "चार महिने खपलो असतो तरी असं जमलं नसतं."

शेवरीने ऐकले होते. तिने आणखी एक गोष्ट ऐकली होती. रानजाईच्या हाकेमागे नेहमी दोन पिल्लांची चिवचिव असे. भृंगराजाने ती हाक जशीच्या तशी म्हटली होती, आणि तिच्यामागे एकच पिल्लू होते.

शेवरी उठली आणि दोन दऱ्या ओलांडून गेली. वीस दिवसांत तिने उंबर वाहिले नव्हते. परतताना तिचे पंख भरून आले. एकच उंबर चोचीत धरून ती बेहड्यावर उतरली.

"शेवरीताई आल्या! वाट द्या, वाट द्या!" गर्दी दुभंगली. कितीतरी पाखरांनी तिला पाहण्यासाठी माना उंच केल्या.

झाड फार सुंदर दिसत होते. वारा आला की सगळी पिसे एकदम उठत आणि एकदम बसत, जणू खोडच श्वास घेत होते. शेवरीने फट शोधली. जिथे ती असायला हवी होती तिथे मोरपिसाचा डोळा होता. त्याच्या खाली पोपटाचे पीस, त्याच्या खाली आणखी कुणाचे, आणि सगळ्यांच्या खाली थरावर थर वाळून दगड झालेला डिंक. तिने उंबर पायाखाली दाबून धरले, मोरपीस चोचीत धरले आणि ओढले.

"अहो! ते आमचं आहे!"

"कोण उपटतंय पिसं?"

"शेवरीताई आहेत त्या, गप्प बस."

"असतील! आम्ही सहा दऱ्या ओलांडून आलोय. ह्यांना आता एकटीलाच मिरवायचं असेल."

"आत हवा जात नाही!" शेवरी ओरडली. "फट बुजलीय! उंबर जात नाही आत!"

"म्हणजे आमच्या पिसांमुळे? आमच्या?" मोराच्या डोळ्यांत खरोखर पाणी आले. सातभाईंनी तिच्या पंखांना चोची मारल्या. ती मागे रेटली गेली, आणि पायाखालचे उंबर निसटून खालच्या पाचोळ्यात गेले.

तेव्हा आतून आवाज आला. ठक. ठक ठक.

ती भिंत रानजाईने स्वतःच्या चोचीने लिंपली होती. माती ती कधीही फोडू शकली असती, वरचा डिंक नाही. ठक. ठक ठक. गर्दी एकदम शांत झाली. पहिल्यांदाच सगळ्यांनी एकाच वेळी काहीतरी ऐकले. आता यांना कळेल, शेवरीला वाटले.

"ऐकलंत ना?" ती म्हणाली. "ती भिंत फोड..."

भृंगराज केव्हाच उडाला होता. कड्यावरून आले: ठक. ठक ठक. तसेच्या तसे, मधल्या थांबण्यासकट.

गर्दीतला एक सुतारपक्षी गहिवरला. त्याने खोडावर चोच ठेवून उत्तर दिले: ठक. ठक ठक. "आम्ही आहोत, रानजाई!" मग तांबटाने चोच मारली, मग साळुंक्यांनी, पोपटांनी, सातभाईंनी सातही चोचींनी. कड्याने ते पुढच्या दरीत टाकले, आणि त्या दरीतली पाखरे आपापल्या झाडांवर ठोकू लागली.

"थांबा!" शेवरी ओरडत होती. "थोडा वेळ गप्प बसा! मला ऐकू द्या, नुसतं ऐकू द्या!"

"तुम्हीही मारा ना ताई, चोच," शेजारची एक साळुंकी मायेने म्हणाली आणि तिला जागा करून दिली.

शेवरीने खोडाला कान लावला. खोड सगळीकडून वाजत होते. तिने कान वर नेला, खाली आणला, मोरपिसावर दाबून धरला. प्रत्येक ठोका आतून आल्यासारखा वाटत होता. ऊन वर चढले तरी पाखरे येतच होती, आणि ज्यांना खोडावर जागा मिळत नव्हती ती डोळे मिटून जवळच्या दगडांवर चोच आपटत होती.