मागचा खांदा

“...पण समजावायचं तरी किती, माई? प्रत्येक हरकतीला मी उत्तर दिलंय. एकही शिल्लक ठेवली नाही. तरी या लोकांचं समाधान का होत नाही?”

माई चुलीतली राख ओढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“उत्तरं चुकीची होती?”

“नाही. बरोबर होती.”

“मग?”

“तेच तर विचारतोय...”

जाखाईच्या डोंगरावर जायला पायऱ्यांचीच वाट आहे. त्या वाटेवर अर्ध्यात माईंची झोपडी. माई कुठल्या, कुणाच्या, कोणालाच ठाऊक नाही. अंगावर भगवी छाटी, आणि देह वाळलेल्या गवतासारखा हलका. डोंगर चढणारा माणूस तिथे टेकतो, पाणी पितो, मनातलं बोलतो आणि पुढे जातो.

विचारणारा होता कौस्तुभ सबनीस. पायथ्यापासून देवीपर्यंत रोपवे होणार होता आणि त्या कामाचा तो प्रमुख होता. हुशार माणूस. याआधी हाती घेतलेलं एकही काम त्याने अर्धवट सोडलं नव्हतं आणि हे त्याला ठाऊक होतं.

इथे मात्र काम थांबलं होतं. म्हाताऱ्या-आजारी भाविकांना डोलीत बसवून वर नेणारे डोलीवाले, पायऱ्यांवरचे दुकानदार, देवीचे गुरव, सगळे रोपवेच्या खांबासाठी खणलेल्या खड्ड्यापाशी ठाण मांडून बसले होते. दुसऱ्या दिवशी शेवटची बैठक होती. तीही फिसकटली तर कंपनी त्याला परत बोलावणार होती.

“त्यांच्यात तो एक धावजी आहे,” कौस्तुभ म्हणाला. “डोलीवाल्यांचा म्होरक्या. मी बोलायला उभा राहिलो की हा ओरडायला लागतो. मुद्दा नाही, काही नाही. नुसता आरडाओरडा. तो गप्प बसला तर बाकीचे ऐकतील.”

“हं.”

“तुम्ही एक शब्द टाका, माई. तुमचं तो ऐकेल.”

माईंनी राख सुपलीत भरली. हात धुतले. मग दाराबाहेर पाहिलं. बाहेर सकाळचं धुकं इतकं दाट होतं की अंगणातला चाफाही दिसत नव्हता.

“मला आज देवीला जायचंय,” त्या म्हणाल्या. “धावजी यायचाच आहे डोली घेऊन.”

कौस्तुभला बरं वाटलं. वाटेत त्या धावजीशी बोलतील, असं त्याने धरलं.

थोड्या वेळाने धावजी आला. एकटाच आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. दांडा खांद्यावर आणि त्याला दोरांनी टांगलेली लाकडी बैठक. कौस्तुभला पाहून त्याचा चेहरा बंद झाला.

“माई, जोडीदाराचा पाय मुरगळलाय. आज ऱ्हाऊ द्या.”

“मागचा खांदा हा देईल,” माई म्हणाल्या.

त्यांचं बोट कौस्तुभकडे होतं.

“साहेबांना न्हाई जमायचं,” धावजी म्हणाला.

एवढं पुरलं. कौस्तुभने बूट घट्ट बांधले. तरुणपणी त्याने कितीतरी गड पालथे घातले होते.

“मी घेतो,” तो म्हणाला.

माई डोलीत एका बाजूला तोंड करून बसल्या. पुढचं टोक धावजीने उचललं, मागचं कौस्तुभने. ओझं फारसं नव्हतं. पण दहा-बारा पायऱ्यांतच त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. डोली त्याच्या अगदी तोंडासमोर लटकत होती. पुढची पायरी त्याला दिसतच नव्हती.

“उंच पायरी!” धावजी पुढून ओरडला.

कौस्तुभने पाय उचलला.

“डावीकडं सरक! डावीकडं! ... आरं, पाय उचल की!”

कौस्तुभच्या कानशिलात रक्त चढलं. साइटवर त्याच्याशी कुणी या आवाजात बोलत नसे. बैठकीत याच आवाजाने त्याची बोलणी उधळली होती. आणि आता अरे-तुरे...

“ओलं हाय! बघून!”

“कळतंय मला.”

“कळतंय तर दांडा का हालतोय? सरळ धर!”

“धावजी!” कौस्तुभ थांबला. “ओरडू नका. मी लहान मूल नाही. मला चालता येतं.”

धावजीही थांबला. त्याने मान वळवून डोलीतल्या माईंकडे पाहिलं.

माईंनी डोळे मिटले आणि हलकेच मान डोलावली.

“बरं,” धावजी म्हणाला.

त्यानंतर तो बोलला नाही.

आधी कौस्तुभला ते सुखाचं वाटलं. पावलं वाजत होती, दोर करकरत होता. धुक्यात सगळा डोंगर विरघळून गेला होता.

मग वाऱ्याचा आवाज बदलला. मघापर्यंत तो एका बाजूने येत होता. आता दोन्ही बाजूंनी येऊ लागला, आणि खालून.

कौस्तुभने ओळखलं. ही सोंड होती. डोंगराची अरुंद धार. दोन्हीकडे तुटलेले कडे आणि मधून पायऱ्या. त्याने स्वतःच इथली मोजणी करून घेतली होती. एका बाजूचा कठडा मागच्याच पावसात कोसळला होता. कुठल्या बाजूचा... ते मात्र त्याला आठवेना.

पाय पुढे टाकला. पायरी लागली, पण निम्म्या तळव्यालाच. उरलेल्या तळव्याखाली काही नव्हतं.

एक दगड सुटला.

तो खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

कौस्तुभ जागच्या जागी थिजला. पुढे दांड्याला झटका बसला आणि धावजीही उभा राहिला. डोली दोघांच्या मधे संथ झुलू लागली. खाली ठेवावी तर पायरीवर तेवढी जागा नव्हती. मागे वळावं तर मागचंही दिसत नव्हतं. पोटऱ्या थरथरू लागल्या, आणि ती थरथर दांड्यातून डोलीत उतरली.

पुढून काही तरी ऐकू येईल म्हणून त्याने कान दिला.

काही नाही.

कौस्तुभने डोलीकडे पाहिलं. इतक्या जवळून त्याला माईंचे फक्त हात दिसत होते. मांडीवर, एकावर एक ठेवलेले. त्या हातांनी दोर धरला नव्हता, कडा धरली नव्हती. लहान मूल झोपेत ठेवतं तसे ते हात मोकळे होते.

एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन माणसांच्या खांद्यांवर ही बाई आपला जीव ठेवून बसली होती, आणि तिचा श्वाससुद्धा चढला नव्हता...

कौस्तुभच्या अंगावर सरसरून काटा आला. ते भय होतं खरं, पण नुसतं भय नव्हतं. देवळात घंटा थांबल्यावर जो नाद उरतो, तसं काहीतरी त्याच्या छातीत उरलं होतं.

“धावजी...” त्याने हाक मारली.

उत्तर नाही.

“धावजी, बोला.”

वारा.

“मला काही दिसत नाहीये. बोला हो... ओरडा. काहीही म्हणा, पण बोला!”

मग धुक्यातून तो आवाज आला. तोच. बैठकीतला, रांगडा, संतापलेला.

“उजवा पाय आत घे! आत! कठड्याकडं! ... हां. आता दम खा. दांडा मानेजवळ घे. मी वढतो, तू फक्त मागनं ये. उंच पायरी हाय... उचल! पुढची तुटकी हाय, तिच्यावर पाय न्हाई द्यायचा, वलांड! ... शाब्बास!”

प्रत्येक हाकेला कौस्तुभ पाऊल टाकत गेला. दुसरा कुठलाही विचार त्याच्या मनात उरला नाही. तो आवाज थांबू नये, एवढंच त्याला वाटत होतं.

सोंड कधी संपली ते त्याला कळलं नाही. उजेड पिवळसर झाला, धुकं गुडघ्यांशी आलं, आणि एकाएकी ते तिघे त्याच्या वर निघाले. खाली चहूकडे पांढरा समुद्र. त्यातून फक्त जाखाईचं देऊळ वर आलेलं. ऊन पडलं होतं.

डोली खाली ठेवताच कौस्तुभ मटकन बसला. धावजीने कमरेची पाण्याची बाटली काढून त्याच्यापुढे धरली आणि दुसरीकडे बघत उभा राहिला.

माई गाभाऱ्यात गेल्या. चिमूटभर अंगारा घेऊन बाहेर आल्या. कौस्तुभने कपाळ पुढे केलं.

माई त्याच्यापुढून सरळ धावजीपाशी गेल्या. त्यांनी अंगारा लावला, तो त्याच्या गळ्याला.

धावजी गोंधळला. “माई, हितं?”

माई ओट्यावर जाऊन बसल्या आणि खालच्या धुक्याकडे बघत राहिल्या.

बाटली परत करत कौस्तुभ म्हणाला, “धावजी, उद्याच्या बैठकीला तुम्ही येणार ना?”

“यिऊन काय करू? मी तोंड उघडायच्या आत तुमचं उत्तर तयार असतंय.”

“उद्या नसेल.”

धावजीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. चेष्टा तर नाही ना, ते तो शोधत होता.

“तुम्ही म्हणता, पोरांना नोकऱ्या देऊ,” तो सावकाश म्हणाला. “द्या. मी कुठं नको म्हणतोय? या खांद्याला घट्टे पडल्यात, पोरांच्या नकोतच. पर तुमचं खालचं स्टेशन आमच्या डोलीच्या थांब्यावर येतंय, साहेब. तिथल्या झाडाच्या पाराखाली आमच्या मेलेल्या माणसांचे दगड हायेत. डोली वाहता वाहता गेली ती माणसं. माझा बाप हाय तिथं. तुम्ही बैठकीत पडद्यावर नकाशा दाखवला, तर तिथं हिरवा चौकोन होता. म्हणं, पार्किंग...”

त्याने डोलीच्या दांड्यावरून हात फिरवला.

कौस्तुभकडे उत्तर होतं. दगड मानाने दुसरीकडे हलवता येतील, हे त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं. ते ओठांवर आलं. त्याने ते गिळलं.

“वडिलांचं नाव काय?” त्याने विचारलं.

“बुधाजी.”

“सांगा मला त्यांच्याबद्दल.”

आणि धावजी सांगू लागला. त्याच्या आवाजात ओरडणं नव्हतं. तो आवाज इतका मऊ असू शकतो, हे कौस्तुभला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत पडदा नव्हता. खुर्च्याही नव्हत्या. कौस्तुभ सतरंजीवर बसला आणि म्हणाला, “आज मी सांगणार नाही. तुम्ही सांगा.” लोकांचा विश्वास बसला नाही. मग एक जण उठला, त्याने वाट्टेल ते सुनावलं. कौस्तुभने ऐकलं. दुसरा उठला. ऊन कलेपर्यंत ते चाललं होतं. मधेच सवयीने त्याचं एखादं उत्तर निसटायचं, आणि मग तोच थांबून म्हणायचा, “चुकलं. तुम्ही बोला.”

शेवटी त्याने खालचं स्टेशन पाराजवळून हलवायचं कबूल केलं. बाकी कशाचंच वचन दिलं नाही. जे त्याच्या हातात नव्हतं ते हातात नाही, असं तोंडावर सांगितलं. त्यावरून पुन्हा आरडाओरडा झाला. पण खांबाच्या खड्ड्यापाशी बसलेली माणसं संध्याकाळी उठली.

नवीन जागेमुळे काम लांबणार होतं. कंपनीचे वरिष्ठ फोनवर कडाडले. कौस्तुभने तेही शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि त्यांना विचारलं, “आणखी काही, सर?” त्याला परत बोलावण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

काही दिवसांनी तो झोपडीत आला. माई तांब्यातून तुळशीला पाणी घालत होत्या. तो खाली वाकला आणि त्यांच्या पायांवर बराच वेळ डोकं ठेवून राहिला.

“काम सुरू झालं, माई.”

“बरं.”

“पण लोक अजून नाराज आहेत. दुकानदार तर रोज येऊन भांडतात. आज सकाळीही आले होते.”

“बरं झालं.”

“गुरवांच्या दोन मागण्या मला मान्य करताच आल्या नाहीत. ते रागावलेत. कंपनीही फार खूश नाही...”

माई हसल्या. तांब्याची धार चालूच होती.

कौस्तुभचा चेहरा थोडा उजळला.

“एका माणसाचं मात्र पूर्ण समाधान झालं, माई. पायथ्याला हार विकतात त्या ठकूबाई. पहिल्या बैठकीपासून सगळ्यांत पुढे बसून भांडायच्या. परवा दुकानदारांबरोबर आल्या, पण एक शब्द बोलल्या नाहीत. मी मुद्दाम विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे? तर हात जोडून म्हणाल्या, आता माझं काही म्हणणं नाही, साहेब. आणि उठून निघून गेल्या...”

तांब्याची धार थांबली.

माईंनी तांब्या खाली ठेवला. त्याच्याकडे पाहिलं.

“ऊठ,” त्या म्हणाल्या. “सोंडेवर धावजी गप्प झाला होता, तशी ती झालीय. आधी तिच्या घरी जा.”