सुभेदारांच्या बंगल्याची पायरी

शिरटेपेठेत बाजाराच्या टोकाला मंगलोरी कौलांचा, पुढे अर्धगोल व्हरांड्याचा जो बैठा बंगला दिसतो, तो सुभेदार केरबा इंगवल्यांचा. दुसरं महायुद्ध संपल्यावर बांधलेला. पाहुणे येतात, रंगीत काचा बघतात, कौलांचे फोटो काढतात. खरं बघण्यासारखं आहे ते पायाखाली. पुढच्या दाराच्या पायरीवर एका बाईच्या उजव्या पावलाचा ठसा आहे. डावं पाऊल कुठेच नाही.

ते पाऊल हौसाबाईचं, असं सांगतात. तिचा नवरा म्हादू सुभेदारांच्याच पलटणीत होता. परमुलखात सुभेदार जखमी होऊन पडले, तेव्हा त्याने त्यांना पाठीवर घालून छावणीपर्यंत आणलं. वाटेत त्यालाच गोळी लागली होती. तो जाताना सुभेदारांनी त्याचा हात धरून शपथ घेतली म्हणे, की मी घर बांधीन तेव्हा पहिलं पाऊल तुझ्या बायकोचं पडेल, माझी बहीण म्हणून.

गावी येऊन त्यांनी हे हौसाबाईला चारचौघांत सांगितलं. नवरा गेल्यापासून तिला कुणी शुभकार्याला बोलावलं नव्हतं. कामाला निघालेली माणसं ती समोर दिसली की माघारी फिरायची. अशा बाईला नव्या घरात पहिली ये म्हणणारं कुणी भेटलं, तिचा जीव हरखून गेला. बंगल्याची तांबडी जमीन घोटायचं काम तिने मागून घेतलं, मजुरीला हात लावला नाही. गुडघे सोलवटले तरी खोबरेल चोपडून चोपडून तिने ती जमीन अशी घोटली की तोंड दिसावं. भावाचं घर आहे, म्हणायची.

वास्तुशांतीच्या दिवशी पुढची पायरी ओलीच होती. गवंड्याने घाईघाईत त्याच पहाटे ओतलेली. भटजी, घरची माणसं मागच्या दाराने वावरत होती. पुढचं दार हौसाबाईसाठी राखलं होतं. ती धुवट लुगडं नेसून आली. पायरीवर उजवं पाऊल ठेवलं, तोच दारात सुभेदारांच्या आत्याबाई आडव्या झाल्या.

"केरबा, मोकळ्या कपाळाची बाई आधी आत घेतूस? लेकराबाळांचं घर हाय हे!"

सगळे सुभेदारांकडे बघू लागले. हौसाबाईही. लढाईत पदकं मिळवलेला माणूस, पण आत्याबाईंपुढे त्याची मान वर होईना.

"जरा थांब ताई," तो पुटपुटला. "पूजा हुंदे. मग ये."

"दादा," ती म्हणाली, "आमच्या मालकांनी तुमास्नी पाठीवर घेताना मुहूर्त बघितला न्हवता."

पूजा झाली, पंगती उठल्या. ती तशीच उभी होती, एक पाय पायरीवर, एक खाली मातीत. उन्हं उतरली तेव्हा तिने पाऊल उचललं आणि ती निघून गेली. पुन्हा त्या रस्त्याला फिरकली नाही.

तो ठसा गवंड्याने पुष्कळदा बुजवला, पण सकाळी सिमेंट सुटून बाजूला पडलेलं असायचं, असं सांगतात. सुभेदारांनी हयातभर पुढच्या दाराने ये-जा केली नाही. त्या चकचकीत जमिनीवर चपला घालून कुणी आलं तर मात्र अंगावर धावून जायचे. शेवटच्या दुखण्यात त्यांनी गावच्या पंचांना बोलावून शब्द घेतला, की या गावात नवं घर होईल तिथे पहिलं पाऊल विधवेचं पडेल.

गावाने शब्द दिला. आणि आमचं गाव शब्दाला मोठं पक्कं!

आजही शिरटेपेठेत वास्तुशांतीला एका विधवेला मानाने बोलावतात. ती पायरीवर उजवं पाऊल ठेवते. घरमालक ते दुधाने धुतो, तिला साडी-नारळ देतो, फोटो निघतात. मग तिला अदबीने बाजूला घेतात आणि सुवासिनी कलश घेऊन आत जातात. तिचं ताट बाहेर येतं. पाहुण्यांनी विचारलंच, तर लोक छाती फुगवून सांगतात, आमच्याकडे हा हौसाबाईचा मान आहे.