कापडाखालचा तितर

“मग मी गप्प बसू का, बाबा?”

वस्तीतले म्हातारे सुरमलबाबा तळहातावर तंबाखू मळत राहिले.

रेवती टेकाळेने हातातल्या कागदाची घडी आणखी घट्ट केली. निवडणुकीला या वेळी ती उभी होती; उद्या प्रचाराची शेवटची सभा. जुन्या पक्षाच्या तिकिटावर तिचे वडील इथून तीनदा निवडून आले होते. पुलापलीकडच्या या पारधी वस्तीला जागा मिळवून दिली ती त्यांनीच. आणि पाच महिन्यांपूर्वी कुणाला नावही ठाऊक नसलेला बजरंग तौर आता एकच वाक्य गावोगाव ओरडत फिरत होता: पुलापलीकडचे हाकला!

“आधी आम्ही त्याला हसलो,” ती म्हणाली. “गर्दी वाढली. मग त्याचं नावच घ्यायचं नाही असं ठरलं. तरी वाढली. परवा तर आमच्या सभेतून माणसं उठून त्याच्याकडे गेली, बाबा. खुर्च्या सरकल्याचा आवाज अजून कानात आहे माझ्या.”

“आन् आता काय ठरलंय?”

“तेच बोलायचं. पण सभ्य शब्दांत.”

“वाच की.”

तिने घडी उघडली. “‘पुलापलीकडची जागा वर्षभरात मोकळी करू...’”

पुढचं तिला बाबांसमोर वाचवेना.

“नुसतं बोलायचंय हो. करायचं काहीच नाही. मी आले तर तुमच्या घरांना कुणी हात लावणार नाही. तो आला तर?”

बाबांनी तंबाखूची चिमूट ओठाआड ठेवली. वस्तीत एवढी माणसं, पण उन्हं कलली तरी कुठे भांड्याचाही आवाज नव्हता.

...

टी-टी-तर! टी-टी-तर!

रेवती दचकली. समोर बाभळीखाली एक पिंजरा होता, जुन्या धडप्याने झाकलेला. आवाज तिथूनच आला.

“वळख बघू,” बाबा म्हणाले.

दहा वर्षांची असताना ती वडिलांबरोबर इथे यायची. बाबा मोठ्यांशी बोलून झाले की तिला माळावर न्यायचे, डोळे मिटायला लावून एकेक पाखराची हाक शिकवायचे. ती विद्या ती विसरली नव्हती. कॉलेजात मैत्रिणींसमोर मिरवलीही होती.

“नर आहे,” ती म्हणाली. “पाळलेला. रानातला एवढी घाई करत नाही.”

“काय म्हंतोय?”

“‘हे शिवार माझं.’”

“मग?”

“मग रानातल्या नराला ते सहन होत नाही. शिवार खरं त्याचं असतं ना. तोही तेच ओरडत, तणतणत पिंजऱ्याकडे येतो. पिंजऱ्याभोवती घोड्याच्या केसांचे फास मांडलेले असतात. आणि...”

ती थांबली.

“बोल की,” बाबा म्हणाले. “चांगली शिकलीस.”

टी-टी-तर!

या वेळी जवळून. फार जवळून. रेवतीने मान वळवून पाहिलं.

“बाबा, तुम्ही शिकार सोडलीत ना?”

“तुझ्या बापानं शबुद घेतला त्याला बारा वर्सं झाली. एक फास मांडला न्हाई.”

“मग हा तितर कशाला ठेवलाय?”

बाबांनी हनुवटीनेच पिंजऱ्याकडे खूण केली.

ती उठली. बाभळीपर्यंत गेली. धडप्याचं टोक दोन बोटांत धरून उचललं.

पिंजरा रिकामा होता.

पाण्याच्या वाटीत माती साचली होती. दाराची तार गंजून तुटायला आली होती. कोळ्याचं जाळं एका काडीपासून दुसरीपर्यंत, अगदी अख्खं.

टी-टी-तर! टी-टी-तर!

धडपा तिच्या हातून गळाला. ती मागे सरकायला गेली आणि उजवा पाय उचलेना. तिने खाली पाहिलं. चपलेतून बाहेर आलेल्या अंगठ्याभोवती काळा, बारीक केस आवळला होता.

“बाबा! हा कुणी मांडला?”

बाबा सावकाश उठले. गुडघे टेकून तिच्या पायाशी बसले. बोटांनी गाठ शोधू लागले.

“हलू नगंस. वढलं की आवळतो.”

ती उभी राहिली. कागद अजून हातात होता. तिने तो छातीशी धरला, मग तिथेही धरवेना म्हणून खाली केला. दुसरा हात आपोआप गळ्याशी गेला.

गळा आतून थरथरत होता, त्या हाकेच्याच तालावर. ओठ मिटलेले होते, तरीही.

“बाबा... ओरडत होतं कोण?”

बाबांनी फास सोडवला. केस उन्हाकडे धरून पाहिला. मग डोळे मिटले, कान तिच्याकडे केला, आणि ऐकत बसले, पूर्वी माळावर तिला बसवायचे तसे.

“पोरी,” शेवटी ते म्हणाले, “तुझा आवाज कसा व्हता गं? ...मला काय केल्या आठवंना.”