गिरजावहिनीचा विस्तव

एकदा काय झालं, माघातल्या एका दुपारी आभाळ काळवंडलं आणि गारा पडल्या. साध्यासुध्या नव्हेत बरं का, लिंबाएवढाल्या. झाडाखाली पानांचा खच पडला. मग वारा सुटला, तो असा गार, की गोठ्यातल्या म्हशीसुद्धा एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या.

त्या डोंगरातल्या वाडीत तुळाजी नावाचा बुरूड राहायचा. बांबू चिरायचा, टोपल्या आणि सुपं विणायचा. त्याचं छप्पर गवताचं. गारांनी छपराला भोक पाडलं, आणि पाण्याची धार पडली कुठं, तर नेमकी चुलीत. चूल फुस्स करून विझली. काड्यापेटी तेव्हा कुणी पाहिलेली नव्हती. चकमक होती, पण तिचा कापूस भिजून चिंब.

एरवी तुळाजी म्हणाला असता, राहू दे, आज भाकरी नाही. पण आत त्याची बायको ठकी बाळंत झालेली. कुशीत लेक, कालच जन्मलेली. तिचे पाय गार पडत चालले होते.

ठकी म्हणाली, "अहो, ही रडत पण नाही आता. कुठून तरी विस्तव आणा."

मग तुळाजीनं एक फुटकी खापरी उचलली आणि शेजारच्या कोंडाजीच्या दारात गेला. कोंडाजी पडवीत दिवा लावत होता.

"कोंडाजी, चुलीतला एक निखारा दे. माझी चूल भिजली."

"अरे, काय ही वेळ तुझी! दिवेलागणीला कुणी घरातला विस्तव बाहेर देतं का? लक्ष्मी जाते त्याच्याबरोबर. सकाळी ये, खापरी भरून नेलीस तरी चालेल."

आणि त्यानं दार लोटून घेतलं. कोंडाजी वाईट नव्हता बरं का. त्याच्या आईनं त्याला तेच शिकवलेलं. तुळाजीच्या आईनं तुळाजीलाही तेच. मग तो दुसऱ्या दारी गेला, तिसऱ्या दारी गेला. सगळीकडं दिवे लागलेले, सगळीकडं दारं लोटलेली.

आता उरलं एकच घर. ओढ्यापलीकडं, त्याच्या थोरल्या भावाचं. पण तिथं जायचं कसं? बापाच्या कोयत्यावरून दोघं भाऊ भांडले होते. कोयता तुळाजीनं आपल्या घरी उचलून आणला होता, आणि त्या दिवसापासून भावाची पायरी चढला नव्हता. ओढ्याशी तो जरा थांबला. मग लेकीचे गार पाय आठवले, आणि शिरला पाण्यात.

भाऊ बाजाराला गेला होता. दारात वहिनी उभी. गिरजा तिचं नाव.

"कोण, तुळाजीभाऊजी? वाट बरी सापडली. आता काय न्यायचं राहिलंय, पाटा का वरवंटा?"

तुळाजीनं मान खाली घातली. "वहिनी, विस्तव पाहिजे. दिवेलागण झालीय, ठाऊक आहे मला. पण घरात कालची पोर आहे, गारठलीय."

"पोर झाली? आणि मला आत्ता सांगताय?"

एवढंच बोलली, आणि आत गेली. वेळ बघितली नाही, काळ बघितला नाही. खापरीत राख पसरली, वर एक लालबुंद निखारा ठेवला. आणि काय नवल, तिनं निखारा उचलला तसा चुलीत त्याच जागी दुसरा फुलला.

"हा सासूबाईंच्या चुलीतला विस्तव," वहिनी म्हणाली. "याची खोड ऐकून ठेवा. लपवून नेलात तर विझेल. वाटेत कुणी मागेल त्याला द्यायचा. आणि मला परत आणून द्यायचा नाही."

मग तिनं बाळंतिणीसाठी सुंठ-गूळ बांधला आणि तोही त्याच्या हातात दिला. तुळाजीनं खापरी उघडीच धरली. तो तसाच निघाला.

ओढा ओलांडला तर झाडाखाली एक मेंढपाळ. कुशीत भिजलेलं कोकरू.

"दादा, जरा निखारा देता? हे जगत नाही बघा."

तुळाजीनं निखाऱ्याकडं पाहिलं. एवढासा तो. म्हणाला, "माझंच लेकरू गारठलंय रे बाबा," आणि पुढं चालू लागला. मग काय झालं? निखारा काळा पडायला लागला. तुळाजीला वहिनीचे शब्द आठवले. तो धावत माघारी आला आणि निखाऱ्याचा तुकडा मोडून दिला. उरलेला परत लाल झाला.

पुढं एका झोपडीत म्हातारी कुडकुडत होती. तिनं मागायच्या आधीच त्यानं तुकडा तिच्या शेगडीत टाकला. म्हातारीनं नुसता त्याच्या गालावरून हात फिरवला.

घराशी पोचला तेव्हा निखारा उरला होता गुंजेएवढा. आणि अंगणात कोण उभं होतं? कोंडाजी. हातात खापरी, ती मात्र पाठीमागं लपवलेली. गारांची दुसरी सर आली होती, तिनं त्याचीही चूल बुडवली होती.

 आतून लेकीचा आवाज येईना. तुळाजी एकदा दाराकडं बघतो, एकदा गुंजेकडं. हिचे दोन तुकडे कसे व्हायचे?

मग म्हणाला, "लपवतोस काय? आण ती खापरी पुढं."

त्यानं बापाचा कोयता काढला, आणि बांबूची बारीक कामटी चिरावी तशी हलक्या हातानं ती गुंज चिरली. अर्धी इकडं, अर्धी तिकडं. आणि बरं का, दोन्ही अर्धुकं फुलली. फुलता फुलता वहिनीनं दिलेल्या निखाऱ्याएवढी झाली.

मग तुळाजीची चूल पेटली. ठकीनं लेकीचे पाय शेकले. पाय गुलाबी झाले, ओठ हलले, आणि पोरगी अशी रडली, अशी रडली, की ठकी हसायलाच लागली.

सकाळी तुळाजी कोयता घेऊन भावाकडं गेला. विस्तव नाही नेला, कोयता नेला. त्या दिवसापासून दोघं भाऊ एका अंगणात बसून बांबू चिरू लागले. बारशाला पाळण्याची दोरी धरली गिरजावहिनीनं, आणि त्या वाडीत कुणाचीच चूल मग फार वेळ थंड राहिली नाही.

चला, पांघरूण घ्या मानेपर्यंत. पाय झाकलेत ना? मग डोळे मिटा, आणि मिटल्या डोळ्यांनी तेवढं ऐका, कोंडाजी त्या संध्याकाळी जाता जाता तुळाजीला काय म्हणाला. खापरी दोन्ही हातांत धरून तो मागं वळला, आणि म्हणाला, "तुळाजी, मी आज दार लोटत नाही. कुणाला यायचं असेल."