बारावं बिरुद

सरदार गंभीररावांना बिरुदांचं भारी वेड! पालखी निघाली की चोपदार येसबा चांदीची काठी घेऊन पुढे धावायचा आणि त्यांची अकरा बिरुदं खड्या आवाजात ललकारायचा. एके दिवशी सरदारांनी बारावं जोडलं. "येसबा, उद्यापासून 'विनयशील'! आणि तेही सगळ्यांत मोठ्यानं. नाही जमलं तर काठी खाली ठेव."

दुसऱ्या दिवशी पेठ गच्च भरली होती. येसबानं अकरा बिरुदं अशी ललकारली, की छपरांवरची कबुतरं उडाली. मग तो वळला आणि थेट पालखीच्या मागे जाऊन गप्प उभा राहिला! पालखी थांबली. अख्खी पेठ माना वळवून पाहू लागली.

"बारावं कुठंय?" सरदार गरजले.

येसबानं मुजरा केला. "सरकार, तो शब्द पुढं धावणाऱ्या नोकरानं ओरडायचा नसतो. पालखी गेल्यावर मागं उरलेल्या लोकांनी आपणहून म्हणायचा असतो. म्हणून मी इथं कान देऊन उभा आहे."

सरदारांनी हळूच पालखीबाहेर मान काढली. "मग? म्हणतंय का कोणी?"

"अजून ऐकू नाही आलं, सरकार. पहिल्या अकरांचाच गलका कानांत घुमतोय!"