टिटवीची वकिली

फार पूर्वी नदीच्या दोन काठांवर दोन रानं होती. पैलतीरी पाणवठ्यासाठी ओरडणाऱ्या साळुंक्यांना कोल्हे-शिपायांनी कोंडलं, खटले भरले. ऐलतीरच्या सिंहानं जाब विचारायला टिटवीला धाडलं. तिला कोण हुरूप आला! भाषण घोकतच ती उडाली.

पैलतीरचा रिवाज असा, की दूतानं आधी राजाच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं. तिथल्या वाघानं विचारलं, "टिटवीबाई, तुमच्या सिंहानं आमराई बंद केली तेव्हा ओरडलेले पोपट सुटले का हो?"

टिटवी तशीच माघारी आली. "महाराज, आधी आपले पोपट सोडा!"

सिंह वरमला, पण त्यानं पिंजरा उघडला.

दुसऱ्या दिवशी टिटवीमागून पोपटांचा अख्खा थवा कलकलाट करत नदीपार आला. वाघ उठून उभा राहिला.

"आज विचारायला काही उरलं नाही," तो म्हणाला. "बोला, बाई."