मंद्रावतीच्या बोटांवरचे घट्टे

पूर्वी कृतयुगात हेमकूट पर्वताच्या उत्तरेस वज्रकर्ण नावाचा मदोन्मत्त दैत्य राज्य करीत असे. मंद्रावती या गंधर्वकन्येचा पती चित्रस्वन याला त्याने लोहशृंखलांनी जखडून ठेवले होते. ‘सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत जो अखंड वीणा वाजवील त्याने सारे बंदी सोडवून न्यावेत, हात थांबला तर त्यानेही बंदी व्हावे,’ असा त्याचा पण. मोठे नावाजलेले गंधर्व गेले आणि माध्यान्हीच रक्ताळल्या बोटांनी कारागृहात पडले!

मंद्रावतीच्या बोटांवर तारा दाबून दाबून टणक घट्टे पडले होते. सख्या चिडवीत, “अगं बाई, हे गंधर्वकन्येचे हात की लाकूडतोड्याचे?” बिचारी ओशाळून एकदा ते घट्टे खरवडायलाच बसली. तेव्हा तिचे गुरू शारंगक ऋषी कडाडले, “वेडे, तपश्चर्या का कोणी खरवडून टाकते? वादनापूर्वी हात भिजवू नकोस. वादन सरले की तिळाच्या तेलाचे बोट लाव, म्हणजे कातडी भेगाळणार नाही.”

पुढे पतीला सोडवण्यासाठी ती दैत्यसभेत आली, तेव्हा वज्रकर्णाने सुवर्णपात्रात ऊन ऊन सुगंधी दूध पुढे केले. “हे सुभगे, दुग्धस्नानाने अतिथीचा सत्कार ही आमची कुळरीत. नाकारशील तर पण मोडला!”

वाफ पाहताच मंद्रावतीला गुरुवचन आठवले. घट्टे भिजून मऊ पडले की तारा आत रुतणारच! अस्सं, म्हणजे ते सगळे गंधर्व मोठ्या हौसेने हात बुडवून बसले होते तर!

“दैत्यराज, सत्कार शिरोधार्य!” ती म्हणाली. “पण अतिथीच्या सत्काराचा आरंभ पायांपासून होतो, हे आपल्यासारख्या कुलीनांना मी का सांगावे?” आणि खुशाल दोन्ही पाय त्या दुधात बुडवून तिने वीणा मांडीवर घेतली. सभा खदखदून हसली. दैत्य दातओठ खात राहिला.

मग काय विचारता! माध्यान्ह टळली, ऊन कलले, पण तो नाद खंडला नाही. सूर्यबिंब मावळले आणि सर्व बंद्यांच्या शृंखला खळाखळा गळून पडल्या. चित्रस्वनाने धावत येऊन तिची बोटे डोळ्यांना लावली. “याच बोटांनी मला सोडवले गं!” म्हणून तो रडू लागला.

तोच साक्षात वीणाधारिणी शारदा प्रकटली. “वत्से, तुझी बोटे कमलदलासारखी कोमल करू का?”

“नको, आई!” मंद्रावती म्हणाली. “जो निष्ठेने तारा छेडील, त्यालाही हेच घट्टे दे, आणि तेलाच्या एका थेंबाने ते जपले जावोत.”

“तथास्तु!”

म्हणून आजही वीणेपुढे बसणाऱ्याची बोटे आधी दुखतात, मग घट्ट होतात. ते देवीचे देणे आहे. आणि त्या सख्या? ती घरी परतली त्याच रात्री तिळाच्या तेलाची वाटी घेऊन मंद्रावतीच्या दारात उभ्या होत्या, आणि ते तेल तिच्या बोटांना आधी कोणी लावायचे यावरून भांडत होत्या.